गोव्याहून विमानाने: अंतर किती, वेळ किती? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

म्हापशाच्या बाजारात माझं तिकिटं काढून देण्याचं छोटं दुकान आहे. समोर खुर्ची ओढून बसलेला माणूस आधी भाडं विचारतो, मग पिशवीत किती किलो चालतील ते विचारतो आणि उठता उठता हमखास विचारतो, "पण किती वेळ लागतो हो?" चवथीच्या आधीच्या आठवड्यात हाच प्रश्न दिवसाला पंधरा वेळा येतो. म्हटलं, एकदा सगळं लिहूनच ठेवावं.

गोवा ते मुंबई हवाई अंतर किती?

कुठला गोवा, ते आधी सांगा. गोव्यात विमानतळ दोन: वास्कोजवळचा जुना दाबोळी आणि उत्तरेला पेडण्यातला नवा मोपा. दाबोळीहून मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज विमानतळापर्यंत सरळ रेषेत सुमारे ४२५ किलोमीटर. मोपाहून सुमारे ३८६. दोन्ही गोवाच, फरक जवळजवळ चाळीस किलोमीटरांचा. कारण दाबोळी आणि मोपा यांच्यातलं सरळ अंतरच तेवढं आहे आणि मोपा जवळजवळ बरोबर उत्तरेला आहे.

आता मुंबईलाही दोन विमानतळ झालेत. नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झालं. तो धरला तर मोपाहून अंतर सुमारे ३७० आणि दाबोळीहून ४१० च्या आसपास. म्हणजे "गोवा-मुंबई" या एका जोडीला आज चार आकडे आहेत आणि चारही बरोबर आहेत.

चाळीस किलोमीटरांनी विमानाला काय फरक पडतो?

विमानाला काहीच नाही, तीन मिनिटांचा खेळ. फरक पडतो तो तुम्हाला. माझ्या मामेभावाने दोन वर्षांपूर्वी दाबोळीला गाडी लावली, दिल्लीला गेला आणि येताना "गोवा" एवढं वाचून स्वस्तातलं तिकीट घेतलं. उतरला मोपाला. गाडी वास्कोजवळ, हा पेडण्यात, रात्रीचे साडेअकरा. सरळ रेषेत चाळीस किलोमीटर असले तरी रस्ता साठेक किलोमीटरांचा, मध्ये मांडवी आणि जुवारी. तिकिटात वाचवलेले पैसे टॅक्सीत गेले आणि वर पार्किंगचे भरले ते वेगळेच.

तेव्हा तिकिटावर शहराचं नाव न बघता तीन अक्षरी कोड बघा. जीओआय म्हणजे दाबोळी, जीओएक्स म्हणजे मोपा. दाबोळी जुना, म्हणून सरळ नाव त्याच्याकडे. मोपाचं उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ ला झालं, विमानं ५ जानेवारी २०२३ पासून सुरू झाली. नवा म्हणून शेवटी एक्स लागला. मी गिऱ्हाइकांना सांगतो, एक्स दिसला की पेडणे. एवढं लक्षात राहतं.

हवाई अंतर म्हणजे नेमकं काय मोजतात?

पृथ्वीच्या गोलावरचा दोन ठिकाणांमधला सगळ्यात आखूड रस्ता. त्याला महावर्तुळाचा मार्ग म्हणतात. घरात पृथ्वीगोल असेल तर शिवणाचा दोरा घ्या, एक टोक गोव्यावर आणि दुसरं लंडनवर धरा आणि ताणा. दोरा आपोआप जिथे बसेल तोच मार्ग. मुलीच्या शाळेच्या प्रोजेक्टसाठी आम्ही हे केलं होतं. तिचा अंदाज होता की दोरा अरबस्तानावरून जाईल. तो बसला मकरानचा किनारा ओलांडून, बलुचिस्तानाचा कोपरा कापून, इराणवरून. भिंतीवरच्या सपाट नकाशावर पट्टी ठेवलीत तर हे कळत नाही. त्या नकाशात उत्तरेकडचे देश ताणून मोठे केलेले असतात, म्हणून पट्टीची सरळ रेष खरं तर लांबचा रस्ता असते आणि खरा आखूड रस्ता वाकडा दिसतो.

यात रस्ता, घाट, पूल, उंची काहीही धरलेलं नसतं. विमान अकरा-बारा किलोमीटर वर जातं, त्यामुळे अंतर वाढत असेल ना, असंही विचारतात. वाढतं, पण इतकं किरकोळ की सोडून द्या.

हे अंतर घरी कागदावर काढता येतं का?

येतं, आणि एकदा तरी काढून बघाच. दोन गोष्टी लागतात: दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश आणि मोबाइलमधला कॅल्क्युलेटर.

मोपा आहे १५.७४ उत्तर अक्षांश आणि ७३.८६ पूर्व रेखांशावर. मुंबई विमानतळ १९.०९ आणि ७२.८७ वर.

आधी अक्षांशांची वजाबाकी: १९.०९ मधून १५.७४ गेले, राहिले ३.३५ अंश. एक अंश अक्षांश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. म्हणजे उत्तरेकडे ३७२ किलोमीटर.

मग रेखांश: ७३.८६ मधून ७२.८७ गेले, राहिले ०.९९ अंश. इथे थेट १११ ने गुणायचं नाही. रेखांशाच्या रेषा ध्रुवाकडे जाताना जवळ येत जातात, त्यामुळे त्यांच्यातलं अंतर विषुववृत्तावर पूर्ण आणि आपल्याकडे थोडं कमी. किती कमी, ते अक्षांशाचा कोसाइन सांगतो. दोन्ही ठिकाणांचा सरासरी अक्षांश १७.४, त्याचा कोसाइन ०.९५४. म्हणून ०.९९ गुणिले ०.९५४ गुणिले १११, म्हणजे पश्चिमेकडे १०५ किलोमीटर.

आता शाळेतला पायथागोरस. ३७२ चा वर्ग अधिक १०५ चा वर्ग, त्याचं वर्गमूळ. उत्तर ३८६ आणि थोडं वर. झालं. देशातल्या जवळच्या शहरांना ही रीत एक-दोन किलोमीटरांपलीकडे चुकत नाही.

पुण्याचं गणित तर कोसाइनशिवायही सुटतं. पुण्याचा रेखांश ७३.९२, म्हणजे मोपाच्या जवळजवळ डोक्यावर, सरळ उत्तरेला. नुसती अक्षांशांची वजाबाकी केली आणि १११ ने गुणलं की मोपा-पुणे ३१५-३१६ किलोमीटर आणि दाबोळी-पुणे ३५५-३५६ हाती येतात.

लांबच्या शहरांनाही हीच रीत चालते?

नाही, तिथे ती दगा देते. लिस्बनचं उदाहरण घ्या, आपल्याकडच्या बऱ्याच घरांतून तिकडे जाणं-येणं असतं. वरच्या रीतीने दाबोळी-लिस्बन जवळजवळ ८,६०० किलोमीटर येतं. खरं अंतर सुमारे ८,३४५. अडीचशे किलोमीटरांची चूक.

खरी रीत अशी. दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करा. वेगळा, दोन्ही अक्षांशांच्या कोसाइनचा आणि रेखांशांच्या फरकाच्या कोसाइनचा गुणाकार करा. दोन्ही मिळवा. दाबोळी १५.३८, लिस्बन ३८.७७, रेखांशांचा फरक ८२.९७ (लिस्बन ग्रिनिचच्या पश्चिमेला आहे, म्हणून इथे वजाबाकी न होता बेरीज होते, सगळ्यांची चूक इथेच होते). पहिला गुणाकार ०.१६६, दुसरा ०.०९२, बेरीज ०.२५८. ज्या कोनाचा कोसाइन ०.२५८ असतो तो ७५.०५ अंशांचा. त्याला १११.२ ने (वरच्या १११ चाच जास्त नेमका आकडा) गुणलं की ८,३४५. एक्सेलमध्ये करणार असाल तर कोन आधी रेडियनमध्ये (कोन मोजायचं दुसरं एकक) बदला, नाहीतर उत्तर असं येईल की गोवा-लिस्बन सायकलने जाता येईल.

वेगवेगळ्या साइट वेगवेगळा आकडा का दाखवतात?

बहुतेक वेळा त्या वेगळ्याच दोन बिंदूंमधलं अंतर सांगत असतात. काही शहराचा मध्य धरतात. पणजी ते मुंबईचा फोर्ट भाग सरळ रेषेत सुमारे ३९७ किलोमीटर आहे. पण तिथून कुठलंच विमान उडत नाही.

दुसरं कारण मैल. साधा मैल १.६०९ किलोमीटरचा, सागरी मैल १.८५२ चा. वैमानिक आणि नियंत्रण कक्ष सागरी मैलांत बोलतात. मोपा-मुंबई म्हणजे ३८६ किलोमीटर, तेच २४० साधे मैल, तेच २०८ सागरी मैल. सागरी मैल मुळात अक्षांशाच्या एका मिनिटाएवढा, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाएवढा, म्हणून नकाशावर काम करणाऱ्याला तो सोयीचा. आणि तासाला एक सागरी मैल म्हणजे एक नॉट.

तिसरं, किरकोळ: पृथ्वी पूर्ण गोल नाही. विषुववृत्ताकडे त्रिज्या ६,३७८ किलोमीटर, ध्रुवाकडे ६,३५७. कुणी सरासरी ६,३७१ धरतं, कुणी चपटेपणा हिशेबात घेतं. त्याने शंभरात अर्ध्या किलोमीटरापेक्षाही कमी फरक पडतो.

आणि कोकण रेल्वेच्या तिकिटावरचं अंतर घेऊन कुणी तुलना करू नका. तिथे भाड्यासाठी प्रत्यक्षापेक्षा जास्त किलोमीटर धरलेले असतात.

विमानाचा वेग ८३० आणि अंतर ३८६. मग अर्ध्या तासात का पोचत नाही?

मला सगळ्यात आवडणारा प्रश्न. गेल्या मे महिन्यात मी मोपाहून मुंबईला जाताना मुद्दाम घड्याळ बघून कागदावर टिपलं. २ वाजून १० मिनिटांनी विमान मागे ढकललं. मग इंजिनं सुरू झाली, सावकाश धावपट्टीच्या टोकापर्यंत गेलं, पुढे एक विमान होतं ते उडेपर्यंत थांबलं. चाकं जमिनीवरून सुटली २.२४ ला. वर चढून सरळ झालं, पाण्याच्या बाटल्या वाटायला सुरुवात झाली आणि मागच्या रांगेपर्यंत गाडी पोचते न पोचते तोच कान दडपायला लागले. उतरायला सुरुवात. मग समुद्रावर एक वळण, आणखी एक वळण. शेजारची बाई म्हणाली, "आनीक कितलो वेळ?" टेकलं ३.१९ ला. जागेवर जाऊन थांबलं ३.३१ ला.

एकूण ८१ मिनिटं. त्यातली हवेत ५५. आणि ८३० च्या वेगाने सरळ गेलं ते जेमतेम दहा-बारा मिनिटं.

एअरबस ए-३२० सारखं जेट तासाला ८३० च्या आसपास जातं खरं, पण फक्त वर, पातळ हवेत. दहा हजार फुटांच्या खाली साधारण २५० नॉटची, म्हणजे ताशी ४६० किलोमीटरांची मर्यादा असते. चढायला वीसेक मिनिटं जातात. उतरणं तर आणखी लांबलचक: ठोकताळा असा की दर हजार फुटांना तीन सागरी मैल हवेत. तीस हजार फुटांवरून उतरायचं तर नव्वद सागरी मैल आधी, म्हणजे सुमारे १६७ किलोमीटर आधीच सुरुवात करावी लागते. मोपाहून मुंबईला निघालेलं विमान रत्नागिरीच्या पुढे गेलं की त्याची उतरायची तयारी सुरू झालेली असते. एवढ्या लहान पल्ल्यात मधला भाग उरतोच किती?

मग वेळेचा सोपा हिशेब कसा करायचा?

किलोमीटरला तीनने गुणा, चाळीसने भागा, आलेल्या मिनिटांत चाळीस मिळवा. यात वेग ताशी ८०० धरला आहे आणि चाळीस मिनिटं जमिनीवरची, चढण्या-उतरण्याची आणि वळणांची.

मोपा-दिल्ली १,४६४ किलोमीटर. तीनने गुणून चाळीसने भागलं की ११०, अधिक ४०, म्हणजे अडीच तास. वेळापत्रकातही त्याच्याच आगेमागे दिसेल. मोपा-नागपूर सुमारे ८०८, म्हणजे एक तास चाळीस. हैदराबाद मोपाहून ५१५ आणि दाबोळीहून ५३२. बंगळूरु मात्र उलटं, दाबोळीहून ४८३ आणि मोपाहून ५०२, कारण ते दक्षिणेला आहे. या दोन्हींना एक तास वीस मिनिटांच्या आसपास. पुण्याला तास-सव्वा तास.

मुंबईला हा हिशेब ६९ मिनिटं सांगतो. मी तिथे डोळे मिटून दहा मिनिटं वाढवतो. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरावी लागते आणि वर विमानांची रांग लागते. दिल्लीला थंडीत धुकं असेल तर कुठलाच ठोकताळा चालत नाही.

तिकिटावर लिहिलेला वेळ म्हणजे हवेतला वेळ का?

नव्हे. तो ब्लॉक टाइम. विमान गोव्यातल्या जागेवरून हललं तिथपासून दुसरीकडे जागेवर जाऊन थांबलं तिथपर्यंतचा. कंपन्या त्यात थोडी हवा भरून ठेवतात, म्हणून कधी कधी उशिरा सुटलेलं विमानही "वेळेवर पोचलो" अशी घोषणा करतं आणि लोक टाळ्या वाजवतात.

या ब्लॉक टाइमचा एक उपयोग लोकांना ठाऊक नसतो. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांत भरपाईच्या पायऱ्या त्याच्यावर ठरतात. वेळेत न कळवता विमान रद्द केलं आणि कारण कंपनीच्या हातातलं असेल, तर एक तासापर्यंतच्या उड्डाणाला ५,०००, एक ते दोन तासांच्या उड्डाणाला ७,५०० आणि त्याहून लांबच्याला १०,००० रुपये, किंवा मूळ भाडं अधिक इंधन शुल्क, यातलं जे कमी असेल ते. मुंबई, पुणे, बंगळूरु ही सगळी मधल्या पायरीत बसतात आणि दिल्ली वरच्या. अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तास उशीर झाला की खाणंपिणंही मागता येतं. मागावं लागतं, आपणहून क्वचितच देतात.

युरोपीय संघाच्या २००४ सालच्या नियमात मात्र भरपाईची पायरी वेळेवर न ठरता अंतरावर ठरते, आणि तेही महावर्तुळाच्या. लिस्बनहून निघताना विमान रखडलं तर ३,५०० किलोमीटरांच्या वरची पायरी लागू होते. बघा, दोऱ्याचं गणित पैशाला आलं.

विमान खरोखर त्या सरळ रेषेने जातं का?

कधीच नाही. आकाशात ठरलेले मार्ग असतात, त्यावर नाव दिलेले बिंदू असतात आणि विमान एका बिंदूवरून दुसऱ्यावर जातं. वाऱ्याच्या दिशेप्रमाणे धावपट्टीचं टोक ठरतं, त्यामुळे निघताना उलट्या दिशेला उडून वळावं लागतं. देशांतर्गत पल्ल्यात पाच-दहा टक्के जास्तीचे धरून चाला. लहान पल्ल्यात टक्केवारी आणखी वाढते, कारण सुरुवातीची आणि शेवटची वळणं तेवढीच राहतात.

दाबोळीची आणखी एक गंमत. १९५५ साली पोर्तुगिजांनी तो बांधला, डिसेंबर १९६१ मध्ये मुक्तीच्या वेळी त्यावर बाँब पडले आणि नंतर तो नौदलाकडे गेला. आजही तो आयएनएस हंसा हा नौदलाचा तळ आहे, प्रवासी विमानं तिथे पाहुणी. कामाच्या दिवशी सकाळचे काही तास नौदलाच्या सरावासाठी राखलेले असतात. म्हणून दाबोळीच्या वेळापत्रकात सकाळी मोठी फट दिसते आणि दुपारी गर्दी. मोपाला ती अडचण नाही.

लांबच्या प्रवासात देशांच्या सीमा आड येतात. दोरा बलुचिस्तानावरून जातो असं वर लिहिलं, पण एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांच्या विमानांना हवाई हद्द बंद केली. तेव्हा दिल्लीहून युरोपला जाणाऱ्यांना मोठा वळसा पडला. गोव्याहून फरक कमी, कारण आपण आधीच समुद्रावर असतो, थोडं डावीकडून ओमानवरून गेलं की झालं.

जाताना जास्त वेळ आणि येताना कमी, असं का?

वारा. हिवाळ्यात उत्तर भारतावर आणि अरबी समुद्राच्या उत्तर भागावर उंचावर जोराचा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा वारा असतो. दुबईला जाताना तो समोरून येतो, परतताना पाठीमागून ढकलतो. दाबोळी-दुबई अंतर सुमारे २,२१३ किलोमीटर. विमानाचा वेग ८३० आणि वारा ८० धरला, तर जाताना जमिनीच्या हिशेबात वेग ७५० उरतो आणि येताना ९१० होतो. पहिल्याला १७७ मिनिटं, दुसऱ्याला १४६. अर्ध्या तासाचा फरक नुसत्या वाऱ्याने.

पावसाळ्यात आपल्या अंगावर वारा नैऋत्येकडून येतो, म्हणून लोक समजतात की वरही तसाच असेल. वर नेमकं उलटं असतं. जुलै-ऑगस्टमध्ये दक्षिण भारतावर बारा-पंधरा किलोमीटर उंचीवर जोराचा पूर्वेचा वारा वाहतो. खाली छत्री पश्चिमेकडे धरायची आणि वर विमानाला पूर्वेचा धक्का.

पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, मग पश्चिमेला जाणं सोपं नको का?

हवाही पृथ्वीबरोबरच फिरते. धावत्या बसमध्ये पुढच्या सीटकडे जा की मागच्या, पावलं तेवढीच.

पंख्याचं विमान मिळालं तर किती वेळ धरायचा?

एटीआर-७२ ताशी ५०० च्या आसपास जातं. तीनशे-चारशे किलोमीटरांच्या पल्ल्यात जेटपेक्षा पंधरा-वीस मिनिटं जास्त, बस. नाहीतरी जेटला पूर्ण वेगात जायला तेवढ्यात वाव नसतो. खिडकीची जागा मिळाली तर खालून किनारा जास्त चांगला दिसतो.

पावसाळ्यात किती वेळ जास्तीचा धरू?

हवेतला वेळ फारसा बदलत नाही, बेभरवसा वाढतो. सरी जोरात आल्या आणि धावपट्टी दिसेनाशी झाली की विमान वर घिरट्या घालतं किंवा दुसरीकडे उतरतं. मोपा पठारावर आहे, ढग खाली उतरले की सकाळी तिथे काहीच दिसत नाही. जून-जुलैमध्ये मुंबईहून पुढचं परदेशी विमान पकडायचं असेल तर मी दोन उड्डाणांमध्ये चार तासांपेक्षा कमी अंतर ठेवूच देत नाही. गिऱ्हाईक कुरकुरतं, कुरकुरू दे.

मुंबईला विमान बरं की वंदे भारत?

विमानाचे सव्वा तास आणि मडगाव-मुंबई वंदे भारतचे पावणेआठ, पावसाळी वेळापत्रकात त्याहून जास्त. हे आकडे शेजारी ठेवले तर प्रश्नच उरत नाही. पण घरापासून मोजा. माझं म्हापशातून मोपा पाऊण तास. विमान सुटायच्या दीड-दोन तास आधी पोचायचं, कारण देशांतर्गत उड्डाणाला बहुतेक ठिकाणी चेक-इन तासभर आधी बंद होतं. विमानात सव्वा तास. मुंबईत बॅग येईपर्यंत अर्धा तास, पुढे दादरला जायला एक. झाले साडेपाच तास. तरी विमान जिंकतं.

गोव्याच्या दक्षिण टोकाच्या काणकोणच्या माणसाचं गणित वेगळं. त्याला मोपा शंभरेक किलोमीटर, म्हणजे अडीच तास धरा, आणि मडगाव स्टेशन तासाभरावर. त्याचं विमान सात-साडेसात तासांवर जातं, गाडी नऊ-दहावर. भाड्यातला फरक बघून काणकोणकर गाडीत बसला तर मी त्याला अडवत नाही. त्याला दाबोळीचं उड्डाण मिळालं तर मात्र तेच घ्यावं, भाडं हजार रुपयांनी जास्त असलं तरी.

तिकिटावर दुबईला दोन तासांत पोचतो असं दिसतंय. खरं का?

दोन्ही वेळा त्या त्या गावच्या घड्याळाच्या असतात. दुबई आपल्या दीड तास मागे. इथून सकाळी दहाला सुटून तिथे बाराला उतरलात तर प्रवास साडेतीन तासांचा झाला. येताना तिथून एकला निघून इथे पावणेसहाला आलात तर घड्याळात पावणेपाच तास, प्रत्यक्षात सव्वातीन. पश्चिमेला जाताना घड्याळातल्या फरकात दीड मिळवायचे, येताना वजा करायचे. लिस्बनला हिवाळ्यात साडेपाच तास आणि उन्हाळ्यात साडेचार, कारण ते लोक वर्षातून दोनदा घड्याळ हलवतात. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी प्रवास असेल तर तिकीट दोनदा वाचा.

लिस्बनला दुबईवरून गेलं तर किती वळसा पडतो?

हे मी स्वतः गणित करून पाहिलं तेव्हा दोनदा तपासलं. दाबोळी-दुबई २,२१३, दुबई-लिस्बन ६,१३८. बेरीज ८,३५१. आणि थेट अंतर ८,३४५ च्या घरात. दहा किलोमीटरांचाही फरक नाही, म्हणजे म्हापसा ते पणजीपेक्षा कमी! दुबई जवळजवळ त्या दोऱ्यावरच बसलेली आहे. वेळ जातो तो विमान बदलण्यात. दोन्ही उड्डाणं मिळून हवेत आणि जमिनीवर बारा तासांच्या आसपास धरा आणि मधल्या थांब्याचे तास तिकिटावर बघून त्यात मिळवा. दाबोळीशेजारच्या गावाला ज्याचं नाव आहे तो गृहस्थ, वास्को द गामा, लिस्बनहून ८ जुलै १४९७ ला निघाला आणि २० मे १४९८ ला कालिकतजवळ पोचला. त्याचा वळसा आफ्रिकेएवढा होता.